आक्काला आणायला काढलेली गाडी

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी मी भोंगवलीत, आमच्या शेताच्या कडेला, घरच्या गाडीचं तेल पहिल्यांदाच स्वतः बदललं. त्यानंतर गाडी चालली नाही. दोन्ही बाबी खऱ्या आहेत आणि त्यांचा एकमेकींशी संबंध आहे.

गाडी जुनी आहे, पण आमच्याकडे नवी आहे. पुण्यातल्या एका वर्तमानपत्रातून उपसंपादक म्हणून निवृत्त झालो, गावी परतलो आणि ती घेतली. घेण्याचं खरं कारण माझी थोरली बहीण. आक्काला गुंजवण्याला दिलेली आहे, राजगडाच्या पायथ्याशी. जत्रेला माहेरवाशिणीला आणायला भावानं स्वतः जायचं, असा आमच्याकडे रिवाज आहे. मी आजवर एसटीनं जात होतो. आक्काच्या धाकट्या जावेचा भाऊ मात्र गाडी घेऊन येतो आणि अंगणात हॉर्न वाजवतो. हॉर्न वाजला की आक्का आत जाऊन कांदा चिरायला बसते. (स्वयंपाक झालेला असला तरी!)

यंदा आक्कानं जावेला आधीच सांगून टाकलं होतं, "या बारीला मी भावाच्या गाडीनं माहेरी जाणार." जाऊ म्हणाली होती, "बघू की."

म्हणजे गाडी धडधाकट असणं भाग होतं. तेल बदलायची मुदत उलटून गेलेली. किकवीच्या गॅरेजवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "जत्रा झाल्यावर या." जत्रेच्या आधी तालुक्यातल्या सगळ्या गाड्यांना एकदम काहीतरी होतं, असं दिसतं. मग मी मोबाईलवर तेल बदलण्याचा व्हिडिओ लावला. आमच्या घरात रेंज येते आणि जाते. व्हिडिओ निम्म्यावर गेला आणि रेंज गेली. जेवढं पाहिलं तेवढ्यात बोल्ट कुठला, पाना कसा धरायचा आणि तेल घमेल्यात कसं घ्यायचं, हे सगळं आलं होतं. उरलेल्या भागात आभारप्रदर्शन असणार, असं मी गृहीत धरलं. (बातमी शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मथळा देऊ नये, हे मी नोकरीत नव्या मुलांना शिकवत असे.)

"अहो, किकवीला पुन्हा एकदा विचारा ना," सुमन म्हणाली. सुमन माझी पत्नी.

"तेल तर बदलायचंय. तू फोडणी देतेस, तेव्हा कुणाला बोलावतेस का?"

"मी कढईखाली झोपत नाही," ती म्हणाली.

मुद्दा बरोबर होता. तेलाचा बोल्ट गाडीच्या पोटाखाली असतो आणि नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नये, हे व्हिडिओच्या पहिल्याच भागात सांगितलं होतं. गॅरेजमध्ये त्यासाठी खड्डा असतो. आमच्याकडे खड्डा नव्हता, पण पाट होता. विहिरीचं पाणी शेतात नेणारी ती चारी माणूस आडवा मावेल एवढी रुंद आणि पूर्ण कोरडी होती. पाटाच्या एका बाजूला डावी चाकं, दुसऱ्या बाजूला उजवी, आणि मध्ये मी. गावात गॅरेज काढलं तर जागेचं भाडं पडणार नाही, हा विचार माझ्या मनात येऊन गेला.

विहीर आमची आणि तात्यांची सामाईक. तात्या माझे चुलतभाऊ, वयानं थोरले. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती आणि पाण्याची पाळी तात्यांची. रात्रीचं पाणी सकाळी येत नसतं. मी निश्चिंतपणे खाली शिरलो.

बोल्ट सापडला. पाना तात्यांच्या ट्रॅक्टरचा होता, त्यामुळे बोल्ट लगेच सुटला. तेलाची धार घमेल्यात पडू लागली. तात्या पाटाच्या काठावर उकिडवे बसून वाकून बघत होते.

"दिनकर, तेल तर लई चांगलं हाय की रं! मधावानी दिसतंय."

"जुनं तेल काळं असतं, तात्या."

"मंग हे काळं कुठं हाय?"

"मागच्या मालकानं गाडी नीट ठेवली असणार."

"मंग बदलतुयास कशाला?"

मी घमेलं नीट धारेखाली सरकवलं. सुमननं घमेल्यात डोकावून, "एवढंच?" असं विचारलं. तेवढ्यात माझ्या मानेला काहीतरी गार लागलं.

जत्रेसाठी त्या दिवशी लाईट सकाळीच दिली होती, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. तात्यांनाही माहीत होतं. तात्यांची मोटर ऑटोवर होती. लाईट आली की ती आपोआप चालू होते. हे तात्यांना माहीत होतं, पण आठवलं नव्हतं.

"तात्या, पाणी!"

"आणतो की. तांब्या कुठं ठिवलाय?"

"प्यायला नाही! पाटात!"

तात्या विहिरीकडे पळाले. तात्यांचं पळणं म्हणजे इतरांचं चालणं; गुडघ्यांचा त्रास आहे. पाणी त्यांच्यापेक्षा वेगात होतं. ते माझ्या शर्टात शिरलं, पाठीखालून पुढं गेलं आणि घमेल्यापाशी पोचलं. घमेलं उचललं गेलं. तेल भरलेलं ते घमेलं होडीसारखं, अगदी तोल सांभाळून, माझ्या पायांजवळून तात्यांच्या शेताकडे निघालं. पाटाच्या शेवटी तात्यांचा मेथीचा वाफा होता.

"सुमन! घमेलं अडव!"

"आणि तुम्ही?"

"मी बोल्ट लावतोय!"

तिनं साडी खोचली, पाटाच्या कडेनं पळत जाऊन घमेल्याला गाठलं आणि पायानं अडवलं. मेथीवर तेलाचा थेंब पडला नाही. माझ्याबद्दल तसं म्हणता येणार नाही. मी बोल्ट पाण्यातच आवळला आणि बाहेर आलो, तेव्हा माझा पुढचा भाग तेलाचा आणि मागचा चिखलाचा होता.

"गणपती बुडवून आल्यावानी दिसतुयास," तात्या म्हणाले. मोटर बंद करून ते नुकतेच परतले होते.

नव्या तेलाचा डबा मी इंजिनात पूर्ण ओतला. मग इंजिनातली तेलाची मोजपट्टी बाहेर काढून पाहिली. तेल वरच्या खुणेच्याही बरंच वर होतं.

"वर आलंय," मी म्हणालो.

"चांगलंच की! इहिरीला पाणी वर आल्यालं कुणी वाईट म्हणतं व्हय?"

हा युक्तिवाद मला त्या क्षणी पटला. मी गाडी चालू केली. पाटावरून ती रस्त्याच्या कडेपर्यंत आली, पण गिअरच्या बाजूनं जात्यात खडे पडल्यासारखा आवाज आला आणि मागून पांढरा धूर निघाला. धूर इतका होता, की रस्त्यानं जाणाऱ्या दोघा मोटारसायकलस्वारांनी डास मारायची फवारणी चालली आहे असं समजून तोंडाला रुमाल लावले. त्यातल्या एकानं आमच्या वस्तीतही या, असं सांगितलं.

सुमन मोबाईल घेऊन विहिरीच्या कट्ट्यावर गेली. तिथं रेंज येते. तिनं व्हिडिओ निम्म्यापासून पुढं लावला, शेवटपर्यंत पाहिला आणि तो मला ऐकवला. त्यातला माणूस म्हणत होता, की इंजिनाच्या बोल्टाशेजारीच गिअरबॉक्सचा बोल्ट असतो, बरेच लोक चुकून तो उघडतात, म्हणून आधी नीट खात्री करा. तसं झालंच तर गाडी अजिबात चालवू नका.

म्हणजे गिअरबॉक्सचं तेल घमेल्यात होतं. इंजिनात जुनं तेल तसंच होतं, आणि त्याच्यावर नवं. एका ठिकाणी थेंब नाही आणि दुसरीकडे दुप्पट! किकवीचा गॅरेजवाला फोनवर पुन्हा एकदा म्हणाला, "जत्रा झाल्यावर या." मग जरा थांबून म्हणाला, "न्हाईतर राहू द्या, मीच येतो."

आता आक्काला कळवणं आलं.

"आक्का, गाडी जरा बंद पडलीय. मी तात्यांचा टेम्पो घेऊन येतो."

पलीकडे काही वेळ फक्त कांदा चिरल्याचा आवाज आला.

"टेम्पोतनं मी टमाट्यावानी येऊ व्हय, दिनू?"

"मग एसटीनं येऊ?"

"मी जावंला सांगून बसलीय, भावाच्या गाडीनं जाणार म्हणून. उद्या देवाच्या पाया पडायचंय मला. आज खोटी पडू?"

"मग काय करू?"

"तू ये तर आधी," आक्का म्हणाली.

कपडे बदलून, केसातलं तेल केसातच ठेवून, मी तात्यांच्या टेम्पोत बसलो. नसरापूर, मार्गासनी, साखर ही गावं करत गुंजवण्याला पोचलो. अंगणात टेम्पो थांबताच धाकटी जाऊ दारात आली. तिनं टेम्पोकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आक्काबाय, हीच व्हय भावाची गाडी? लई उंच हाय वो. चढायला शिडी देऊ का?"

"ही न्हाई," आक्का शांतपणे म्हणाली. "भावाची गाडी भोंगवलीत हाय. मी त्या गाडीनंच माहेरी जाणार. घरी पोचले की तुला फोन करते."

"करा की. कशी हाय ते सांगा."

चहा झाला. टेम्पोत तात्या चालवायला, मध्ये मी आणि खिडकीशी आक्का. मार्गासनीपाशी तात्यांनी मेथीचा विषय काढला आणि तो नसरापूरपर्यंत पुरवला. मला वाटलं, आक्कानं वेळ मारून नेली, आता ती घरी जाऊन फोनच करणार नाही. हा अंदाज चुकला.

भोंगवलीची शीव आली. आमचं शेत रस्त्यालगत आहे आणि गाडी तिथंच कडेला उभी होती.

"ती व्हय गाडी?" आक्कानं विचारलं.

"हो."

"तात्या, टेम्पो थांबवा."

आक्का उतरली. पिशवी घेऊन गाडीपाशी गेली, मागचं दार उघडून आत बसली आणि पदर सारखा केला.

"चल, ने मला घरी."

"आक्का, इंजिन चालू करायचं नाहीये. गाडी खराब होईल."

"मी इंजिन चालू कर म्हणलं व्हय? घरी ने म्हणलं."

"कशी नेऊ?"

"ते मला काय म्हाईत? गाडी तुझी हाय."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तात्यांकडे पाहिलं. तात्यांचे गुडघे विचारात घेऊन स्टिअरिंग त्यांच्याकडे दिलं. मी मागं गेलो, गाडीला खांदा लावला आणि जोर केला. गाडी हलली. मेथीच्या वाफ्यापर्यंत सगळं व्यवस्थित चाललं. मग चढ सुरू झाला.

आमचं घर गावाच्या वरच्या अंगाला आहे, हे मी गाडी घेताना विचारात घेतलं नव्हतं. देवळापुढं ढोलाच्या तालावर लेझमाचा सराव चालला होता. तिथल्या मंडळींनी गाडी पाहिली, मागचा मी पाहिला, आणि सराव थांबवून चारदोन जण ढकलायला आले. बाकीच्यांनी सराव थांबवला नाही; ते वाजवत मागून येऊ लागले. ताल धरून ढकलणं सोपं जातं, हे मान्य करायला हवं.

"काय दिनकरराव, पेट्रोल संपलं काय?"

"तेल बदललं," मी म्हणालो.

"मंग?"

"चुकीचं बदललं."

हा संवाद प्रत्येक दारापुढं झाला. आक्कानं काच खाली घेतली होती. ओट्यावरच्या बायका हात करत होत्या आणि ती त्यांना नाव घेऊन विचारत होती, सून कशी हाय, म्हैस व्याली का. गाडीचा वेग असा होता, की उत्तरंही पूर्ण ऐकता येत होती. एका म्हातारीनं तर चालता चालता खिडकीतून हातावर पेढा ठेवला आणि घरापर्यंत सोबत केली.

गाडी आमच्या दारापुढं आली. सुमन भाकरतुकडा आणि पाणी घेऊन उभी होती. आक्का उतरली. सुमननं तिच्यावरून तुकडा ओवाळून बाजूला टाकला. लोकांनी "आली, आली" केलं. लेझीमवाले दारापाशी गेले, ढकलणारे चहाला आत गेले. तात्याही गुडघे धरत उतरले आणि आत गेले.

आक्का उंबऱ्यावरच थांबली आणि तिनं गुंजवण्याला फोन लावला.

"हां, पोचले गं. व्हय, भावाच्या गाडीनंच आले. दारात उतरले. बरंच मोठं मानपान झालं, ढोल ऐकू येतुया न्हवं? ... गाडी? लई झ्याक हाय. अगं इंजिनचा आवाज म्हणून येत न्हाई. ... न्हाई, न्हाई, अजिबात न्हाई! ... आता तुझ्या भावाच्या गाडीचं इंजिन वाजतंच, त्याला कोण काय करणार?"

फोन ठेवून ती आत गेली आणि पाठोपाठ दारातली गर्दीही आत गेली.

तात्यांनी उतरताना हँडब्रेक ओढला नव्हता. चढावर गाडी धरून मी एकटा बाहेर उभा होतो.