लाल तेलाचा डबा

इसम नामे आनंदराव हिंदुराव घोरपडे, वय अठ्ठावन्न, राहणार बनी पार्क, जयपूर, मूळ गाव कऱ्हाडजवळ. फौजेच्या सिग्नल्समधून निवृत्त सुभेदार. बांधा मध्यम, मिशी नियमास धरून. ओळखीची खूण : उजव्या तर्जनीवर तपकिरी डाग. जंगम मालमत्ता : परदेशी बनावटीची मोटार एक, आपोआप गिअर बदलणारी. सदर मोटारीचा मालक, चालक व रक्षक : सदर इसम.

डाग गिअरबॉक्सच्या तेलाचा. दर रविवारी पूजा उरकली की आनंदराव फाटकात मोटार सुरू करून चांगली तापू देत. मग तेलाची पट्टी उपसून एक थेंब जुन्या बनियनच्या तुकड्यावर टिपत, दुसरा बोटावर चोळत आणि डोळे मिटून हुंगत. शेजारच्या माथुरांची समजूत होती की हा मराठी लोकांचा कुळाचार असावा.

नवं असताना हे तेल कोकम सरबतासारखं लाल असतं. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात ते काढ्याच्या रंगावर आलं होतं आणि वासात करपलेल्या फोडणीची शंका होती. शिवाय सकाळी रिव्हर्स टाकला की मोटार क्षणभर विचार करी आणि मगच मागे जाई.

त्यांच्या पत्नी गिरिजाबाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. लहानपणी पोलिओनं त्यांचा डावा पाय नेला होता. क्लच दाबायला लागतो तोच. ही अगडबंब मोटार एका ठाकूरसाहेबांनी विकायला काढली, तेव्हा हिला क्लच नाही एवढं ऐकून आनंदरावांनी ती घेतली. पेट्रोल किती पिते, हे विचारायचं राहिलं. त्याआधी बाई सायकलरिक्षानं जात आणि चढताना कुणी ना कुणी त्यांचा दंड धरी. त्यांचा राग रिक्षावर नव्हता, दंड धरण्यावर होता. गिअरबॉक्स गेला असता तर जयपुरात तो कुणी जोडून दिला नसता. मग पुन्हा रिक्षा, पुन्हा दंड.

भंवरलाल मिस्त्रींचं मत स्पष्ट होतं. "सूबेदार साब, चल रही है ना? छेड़ो मत. पुराना तेल ही इसको पकड़ के बैठा है. नया डालोगे, सब मैल धुल जाएगा, फिर फिसलेगी."

मोटारीबरोबर आलेलं पुस्तक म्हणत होतं, तेल बदला. आनंदरावांनी फौजेत आयुष्यभर दोन परस्परविरोधी हुकूम एकाच वेळी पाळले होते. त्यामुळे त्यांनी दिल्लीहून नव्या तेलाचा डबा मागवला आणि तो उघडला नाही. चांगली वस्तू प्रसंगाला लागते, म्हणून डबा स्वयंपाकघरात वरच्या फळीवर गेला. गावाकडचं मेतकूट आणि लग्नात मिळालेला, अजून एकदाही न वापरलेला कपबशांचा सेट यांच्या मधोमध.

"तो डबा गौरींना काढायचाय का?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"बघू. घाई करून चालत नाही."

"दोन वर्षं झाली घाई करताय तुम्ही."

आनंदराव म्हणाले, "बदललं आणि बिघडलं, तर माझ्या हातानं बिघडेल."

"आणि नाही बदललं तर?"

"तर आपोआप."

"म्हणजे पाय माझा आणि भीती तुमची. बरीय वाटणी." बाई दही लावत होत्या. कालच्या दह्यातला चमचाभर गोळा त्यांनी दुधात सोडला. "अहो, हे बघा. सगळं नवं असून कधी लागतं का? थोडं जुनं राहू दे. थोडं काढा, तेवढंच नवं घाला. महिन्यानं परत."

आनंदरावांनी दह्याच्या पातेल्याकडे, मग फळीकडे पाहिलं आणि स्टूल ओढलं.

भंवरलालच्या गॅरेजातल्या खड्ड्यावर गिअरबॉक्सच्या तळाचं पात्र सुटलं तेव्हा जेमतेम निम्मं तेल खाली आलं. बाकीचं आत कुठे कुठे दडून राहतंच. "ये तो पूरा निकलता ही नहीं," मिस्त्री म्हणाले. पात्राच्या तळाशी मेंदीसारखा बारीक गाळ होता, धातूचा तुकडा एकही नव्हता. आनंदरावांनी गाळ दोनदा हुंगला. मिस्त्रींनी एकदा, भिडेखातर.

नवं तेल भरल्यावर गिरिजाबाई चाकावर बसल्या. शेजारी आनंदराव, दोन्ही हात दाराच्या कडीवर. बाईंनी रिव्हर्स टाकला. मोटार विचार न करता मागे गेली.

"कडी सोडा, निघेल ती," बाई म्हणाल्या.

मोटार परस्पर शहराबाहेर, कानोत्याच्या तलावाच्या बांधापर्यंत गेली. तिथे त्यांनी पाण्याकडे तोंड करून मोटारीतच थालीपीठ खाल्लं. चढावर ती एकदाही घसरली नाही. आनंदरावांनी उतरून बॉनेटवर हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि बराच वेळ काढला नाही. महिन्यानं उरलेला डबाही रिकामा झाला. दर रविवारचा थेंब आता पुन्हा लाल पडतो.

वरील वर्णनात एक दुरुस्ती आहे. आनंदरावांना मोटार चालवता येत नाही.