कापलेल्या वायरचा माईक

सुरुवातीलाच सांगतो, असल्या अनुभवांवर विश्वास ठेवणारा मी माणूस नाही. कारंजा लाडला माझं टीव्ही-रेडिओ-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे, सत्तावीस वर्षं झाली. आपोआप चालू होणारा टीव्ही, रडल्यासारखा आवाज काढणारा पंखा... सगळं माझ्या टेबलावर येऊन गेलंय. टीव्हीत पाल निघाली, पंख्याचं बेअरिंग सुकलेलं होतं. लोक ताईत बांधून सामान आणतात. मी ताईत सोडून बाजूला ठेवतो आणि मीटर लावतो.

तरी हे लिहितोय. कारण मीटर लावूनही काही समजलं नाही.

गेल्या वर्षी उन्हाळा लागतानाची गोष्ट. अब्बांना लकवा मारून दीड वर्ष झालं होतं. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. ‘आं’ एवढाच आवाज निघायचा, तोही खूप दुखलं तर. बायको तिच्या आईच्या ऑपरेशनसाठी अकोल्याला गेलेली, त्यामुळे महिनाभर मी एकटाच. दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. अब्बांची खाट मी काउंटरच्या मागे आणून ठेवली होती. त्यांना उठवणं, पुसणं, कूस बदलणं, चमच्याने खिचडी भरवणं, आणि मधे गिऱ्हाईक. रात्री दोनदा-तीनदा उठावं लागायचं. तेव्हा मी किती दमलो होतो ते आता सांगता येत नाही. एकदा तर मिक्सरचं भांडं हातात घेऊन उभा होतो आणि ते दुरुस्त झालंय की व्हायचंय हेच आठवेना.

डॉक्टर म्हणाले होते, जुन्या सवयीच्या वस्तू त्यांच्या हाताला द्या. म्हणून मी माळ्यावरून त्यांचा जुना रेडिओ सेट काढला.

अब्बा जीप चालवायचे, कारंजा ते शेलूबाजार. त्यांचे जोडीदार नामदेव काका, ते शेलूबाजारचे, त्यांचीही जीप. मोबाईल नव्हते तेव्हा अब्बांनी कुठूनतरी दोन जुने सीबी रेडिओ मिळवले. ट्रकवाले बोलतात तसले, माईकचं बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. कुठल्या फाट्यावर किती सवाऱ्या उभ्या आहेत ते दोघं एकमेकांना सांगायचे. पुढे स्टँडवर नंबर कोणाचा यावरून काहीतरी झालं. नेमकं काय, ते अब्बांनी कधी सांगितलं नाही. बोलणं बंद झालं ते झालंच. एकोणीस वर्षं दोघं एकमेकांच्या दारात गेले नाहीत. सेट गोणपाटात गुंडाळून माळ्यावर गेला.

उघडला तर आत धूळ आणि उंदराच्या लेंड्या. फ्यूज उडालेला. दोन कपॅसिटर फुगलेले, ते बदलले. आवाजाच्या बटणात क्लीनर मारला. पॉवर सप्लाय जोडल्यावर दिवा लागला आणि स्पीकरमधून खर्र सुरू झाली. अब्बांनी मान वळवली! कित्येक महिन्यांत त्यांनी आवाजाकडे अशी मान वळवली नव्हती.

माईक मात्र मेलेला. त्याची गुंडाळीची वायर कडक होऊन चिरा पडलेल्या. आतल्या तारा हिरव्या पडून तुटल्या होत्या. नवी वायर दुकानात नव्हती. मी जुनी वायर माईकपासून वीतभर ठेवून कापून टाकली, सेट बंद केला, प्लग काढला. एरियल तर नव्हताच. त्याचा पाइप जीपबरोबरच भंगारात गेला होता.

अब्बांनी डावा हात पुढे केला. मी म्हटलं, “अब्बा, वायर कटा हुआ है.” हात तसाच. म्हणून माईक दिला त्यांच्या हातात.

दुपारचे चार वाजत आले होते. मी काउंटरवर डोकं टेकलं, आणि वीसेक मिनिटं कुठे गेली कळलं नाही. जागा झालो तेव्हा अब्बांनी माईक तोंडाशी धरला होता, अंगठा बटणावर. ओठांतून लाळ आलेली. मी पुसली, माईक काढून ठेवला आणि चहा मांडला. बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास दुकानासमोर ऑटो थांबला. उतरणारा म्हातारा मला आधी ओळखू आला नाही. नामदेव काका. हातात पिशवी, अंगात स्वेटर, त्या उन्हातसुद्धा.

“रशीदभाई कुठं आहे?”

मी नुसतं खाटेकडे बघितलं. काका तिथे गेले, पिशवी खाली ठेवली. मग खाटेच्या काठावर बसले. अब्बांनी डाव्या हाताने त्यांच्या स्वेटरची बाही धरली.

मी पाणी दिलं. “काका, तुमाले कोणी सांगतलं?”

“सांगाले कायले पाह्यजे? त्यानंच बोलावलं. काल.”

“फोन आला?”

“फोन नाही रे. सेटवर. माहा गोठ्यात लावून राह्यते, ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर. नुसता खर्र वाजते. सवय पडली.”

“किती वाजता?”

“चार वाजून गेले होते. तुही काकू चहा गाळून राह्यली होती.”

मी माईक त्यांच्यासमोर धरला, वीतभर वायर लोंबत असलेला. सेट दाखवला, बंद. म्हटलं, काका, अब्बा दीड वर्ष झालं बोलत नाहीत. आणि वायर मीच कापली. काकांनी माईक उलटसुलट करून पाहिला.

“मंग मले ऐकू कसं आलं?” असं त्यांनी मलाच विचारलं.

मला वाटलं, म्हाताऱ्याचा डोळा लागला असेल. लकव्याचं कुठून तरी कानावर आलं असेल, मनात राहिलं असेल. म्हणून मी काकूंना फोन केला. त्या सरळ म्हणाल्या, “मी तथीच होती बाबू. रशीदभाईचा आवाज मी वळखत नाही काय? माह्या हातचं इतकं जेवला तो.” कारंज्यात असा दुसरा सेट मला तरी माहीत नाही. आणि शेलूबाजार इथून पाऊण तासाचा रस्ता. चांगला एरियल असतानासुद्धा हे सेट मधल्या फाट्यापलीकडे पोहोचत नसत.

काका त्या दिवशी गेले नाहीत. म्हणाले, “तू जा आत. पड जरा. मी बसतो.” मी पडलो तो थेट दिवेलागणीला, मगरिबच्या अजानला उठलो. बाहेर आलो तर अब्बांची कूस बदललेली, अंग पुसलेलं. काका त्यांना चमच्याने पाणी पाजत होते.

मग ते दर दोन-तीन दिवसांनी एसटीने यायला लागले. बायको परत आली तरी येतच राहिले. पुढे मी नवी वायर आणून माईक जोडला, गच्चीवर एरियलही लावला. किती हाका मारल्या, शेलूबाजारला एक शब्द पोहोचला नाही.

अब्बा पावसाळा संपता संपता गेले. मातीला काका आले होते. दफन करून परतताना मी त्यांना विचारलं, त्या दिवशी अब्बा नेमकं काय बोलले? नुसतं ‘ये’ म्हणाले का?

काका चालता चालता थांबले. “आधी माह्यं नाव घेतलं. मले वाटलं, आता भांडण काढते. तं म्हणे, ‘नामदेव, अनीस लय थकून राह्यला रे. तू ये.’”

अनीस म्हणजे मी.

अब्बांना काही समजत नाही असंच मी धरून चाललो होतो. त्यांच्यासमोर चिडायचो, भांडी आपटायचो. एकदा तर ‘कधी सुटका होणार’ असंही तोंडातून निघून गेलं होतं. ते पडल्या पडल्या बघत असायचे.

सेट अजून दुकानात आहे. तो मी तीनदा पूर्ण उघडून पाहिला. तो निरोप कुठून गेला, कसा गेला, मला माहीत नाही. कोणाला सांगता आलं तर सांगा. मी तपासायचं थांबलोय.