दुसऱ्या टोकाचा गोलकीपर

आमच्याकडे मुलगी दाखवायच्या आधी मुलगा गुपचूप पाहून यायची रीत होती. मुलगी बघायचा, उप्पीट आणि केसरीबाथ म्हणजे शिऱ्याचा कार्यक्रम नंतर. आधी घरातलं कुणीतरी वडीलधारं, मुलाला न कळवता, तो असेल तिथे जाऊन येई. देवळात, ऑफिसच्या फाटकाशी, बसस्टॉपवर. चालतो कसा, बोलतो कसा, विड्या ओढतो का, सगळं पाहायचं आणि मगच पुढचं पाऊल टाकायचं. नाही पसंत पडला तर कुणाचा अपमान नाही की कुणाला पत्ता नाही. पुण्याची पाहुणे मंडळी ह्या रीतीला हसायची. ती आमच्या मराठीलाही हसायची, म्हणून त्यांचं मी कधी फारसं मनावर घेतलं नाही.

साठीचं दशक नुकतंच लागलं होतं. आम्ही चामराजपेटेत राहत होतो, तीनशे वर्षांपूर्वी कन्नड मुलखात आलेले मराठे म्हणवून घेत, बाजारात कन्नड आणि घरात दोन्हीची खिचडी बोलत. माझा थोरला भाऊ, अण्णा, जवळच्याच एका लहानशा खाजगी कॉलेजात शिकत होता. कॉलेज म्हणजे काय, एक जुना बंगला आणि मागे पत्र्याच्या दोन शेड. पण दरवर्षी त्यांची दुसऱ्या तसल्याच एका कॉलेजाशी फुटबॉलची मॅच व्हायची, आणि ती असली चुरशीची की महिनाभर आधीपासून अण्णा जेवताना ताटाशेजारी चिंचोके मांडून मला डाव समजावत बसायचा. बॅक कुठे, फॉरवर्ड कुठे, ऑफसाइड म्हणजे काय. आईला वाटायचं आम्ही सागरगोट्यांसारखं काहीतरी खेळतोय. घरात अण्णाचं ऐकून घेणारी मी एकटीच, त्यामुळे मला सगळं पाठ.

दुसरं कॉलेज जयनगरच्या कडेला होतं. जयनगर तेव्हा म्हणजे आखलेले रस्ते, मधूनमधून नवी घरं आणि बाकी सगळी रागीची शेतं. ते कॉलेज इतकं लहान की धड खेळणारे अकरा जण जमायचे नाहीत, म्हणून केमिस्ट्रीचा तरुण डेमॉन्स्ट्रेटरच त्यांच्या गोलमध्ये उभा राहायचा. अण्णाचं कॉलेज दरवर्षी तक्रार करायचं आणि दरवर्षी चालवून घ्यायचं. तर ह्याच डेमॉन्स्ट्रेटरचं स्थळ मला सांगून आलं होतं. मुलगा बेळगावकडचा, नोकरी पक्की, माणसं चांगली.

अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, ठरवलं की मॅचलाच मुलगा बघायचा. पोराचा खेळ बघायला बाप आला तर कुणाला संशय येणार? त्यांना ऑफिसातून यायला उशीर होणार होता, म्हणून त्यांची थोरली बहीण, आमची अक्काआत्या, पुढे जाणार होती. तिला सोबत म्हणून मी. मी मुलगा पाहावा म्हणून मुळीच नेलं नव्हतं, हं. मुलीला विचारायची पद्धतच नव्हती. माझ्या चुलतबहिणीने नवऱ्याचं तोंड पाहिलं ते अंतरपाट सरकल्यावर, आणि तेव्हाही नीट नाही, कारण बिचारीच्या डोळ्यांत पाणी. अप्पा हो म्हणाले की हो, आणि नाही म्हणाले की नाही. एकदा त्यांच्या तोंडून 'नाही' गेलं की ब्रह्मदेव आला तरी ते फिरायचं नाही.

अक्काआत्याने चष्मा घरीच ठेवला होता. चष्मा लावून चारचौघांत गेलं की बाई म्हातारी दिसते, असं तिचं मत. मैदानावर पोचताच तिने विचारलं, "गोलात उभा राहतो तो कुठे?" मी बोट दाखवलं. ती तरातरा जाऊन बरोबर त्या गोलच्या मागेच उभी राहिली, जत्रेत देवापुढे राहावं तशी. हिवाळ्याचे दिवस, ऊन कोवळं, आणि अर्धे खेळाडू अनवाणी. गोलकीपरच्या अंगात राखाडी स्वेटर, डोक्याला टोपी. आम्हाला दिसत होती फक्त त्याची पाठ.

आणि आत्या सुरू झाली. तिचा आवाज म्हणजे काय सांगू, मंडईत कोथिंबीर ओरडून विकावी तसला! "अंगानं बरा आहे गं. स्वल्प बारीक, पण भरेल लग्नानंतर. उंचीला तुला शोभेल." मी तिला चिमटे काढतेय आणि ती म्हणतेय, "चिमटे काय काढतेस? तो खेळात गुंग आहे, त्याला काय ऐकू येतंय!" बेळगावच्या माणसाला दोन हातांवरून मराठी ऐकू येणार नाही? त्याच्या कानांच्या पाळ्या लाल लाल होत गेल्या. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

पण तो उभा राहिला. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. त्यांच्या एका पोरसवदा बॅकने चुकून बॉल सरळ अण्णाच्या पायात दिला आणि अण्णाने गोल मारला. तो बॅक रडकुंडीला आला. आता हा मास्तर, शिवी घालायला मोकळा होता की नाही? ह्याने कुंपणातून बॉल काढून आणला, त्या मुलाच्या मानेवर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाला. काय म्हणाला मला कळलं नाही. मुलगा हसला एवढं कळलं. मी त्या क्षणी मनात म्हटलं, हा हवा. तोवर मला असं काही हवंबिवं वाटायचं ते साडीबद्दल, नाहीतर मसालेदोशाबद्दल. माणसाबद्दल पहिल्यांदाच वाटलं, आणि मी घाबरून गेले.

मध्यंतरात अप्पा आल्याचं मैदानाच्या फाटकाशी दिसलं. आत्या त्यांना आणायला गेली आणि मी आडोशाला पाण्याच्या नळाशी गेले, तिथे बायकांची ही गर्दी. परत येते तर खेळ सुरू झालेला, आणि अप्पा आणि आत्या दोघं त्याच गोलमागे, त्याच जागेवर उभे.

फक्त गोलात आता अण्णाच्या कॉलेजचा गोलकीपर होता.

मध्यंतरानंतर बाजू बदलतात हे आत्याला कोण सांगणार? तिच्या हिशेबी धावणारे धावतात, पण दारावरचा माणूस दार सोडून जातो कुठे! ह्याच्याही अंगात राखाडी स्वेटर, डोक्याला टोपी, तशीच पाठ. आणि अण्णाच्या टीमने दुसऱ्या टोकाला असा काही रेटा लावला होता की इकडे बॉल फिरकतच नव्हता. हा पठ्ठ्या खांबाला टेकून खिशातल्या शेंगा फोडून खात होता. टरफलं गोलात. शेजारच्या मित्रांशी हास्यविनोद. मधेच टोपी काढून भांग पाडला.

अप्पा पाहत होते. त्यांना आळशी माणसाचा मनापासून तिटकारा. शिस्त म्हणजे त्यांचा देव. त्यांचा जबडा आवळत गेलेला मला बाजूने दिसत होता.

"अक्का, हा?" ते म्हणाले.

"हाच रे. मगाशी बरा खेळत होता की. दमला असेल."

"दमला? हा काय दमणार! उद्या वर्गातसुद्धा शेंगाच खाईल. लाज नाही, लक्ष नाही. असल्याच्या हातात मुलगी द्यायची?" त्यांनी छत्री काखेत मारली. "चला घरी. मी उद्याच कळवतो त्यांना..."

वाक्य तिथेच अडलं, कारण मी त्यांचा कोट धरला होता.

आजच्या मुलींना ह्यात काय मोठं असं वाटेल. वाटू दे. आमच्या घरात मुलीने बापाचा कोट धरणं ही काय गोष्ट होती, ते तसल्या घरात वाढलेल्यांनाच कळेल. बोलले तर अर्थ एकच, की मी मुलगा पाहिला. चांगला निरखून पाहिला. गप्प राहिले तर एक शब्द उच्चारला जाणार आणि तो मास्तर कायमचा पुसला जाणार, दुसऱ्याच कुणीतरी शेंगा खाल्ल्या म्हणून!

"अप्पा, हा तो नव्हे."

"म्हणजे?"

"बाजू बदलल्या. तो आता तिकडे आहे. त्या टोकाला."

आत्या म्हणाली, "अगं काहीतरीच! मी इथून हलले का?"

"तुम्ही नाही हललात, ते हलले," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "मध्यंतरानंतर बाजू बदलतातच. हा आपल्या अण्णाच्या टीमचा आहे."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी असं माझ्याकडे कधी पाहिलं असेल तर मला आठवत नाही. रागावलेत की काय तेही कळेना. "तुला पाठमोरा ओळखू येतो?" एवढंच विचारलं. मी मान खाली घातली. सरी, म्हणजे बरं, ते म्हणाले, आणि मैदानाच्या कडेने चालू लागले. मीही मागोमाग. आत्या कुरकुरत मागे राहिली, तिचे पाय दुखत होते.

वाटेत ओरडणारी पोरं, धूळ, ओळीने मांडलेल्या सायकली. आज तिथे उभं राहायला जागा नाही, इतकी दुकानं झाली आहेत. पण अप्पांची ती पाठ, छत्री, आणि मागून अर्धवट धावणारी मी, हे मला कालच्यासारखं दिसतं. आनंद झाला होता असं म्हणणं खोटं होईल. नुसती धडधड होत होती.

दुसऱ्या टोकाला धुमाकूळ चालला होता. तो मातीने भरलेला, टोपी कुठेतरी गेलेली, कोपर सोललेलं. एक बॉल त्याने उडी मारून काढला, दुसरा छातीवर घेतला. अप्पा थांबून बघायला लागले. त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू सैल होत होती. मला वाटलं, जमलं! देवा, आता एवढा वेळ ह्याला सांभाळ.

आणि मग अण्णा सुटला. माझाच भाऊ, चिंचोक्यांवर शंभरदा दाखवलेला तोच डाव. एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, आणि बॉल मास्तराच्या दोन पायांमधून थेट आत. मास्तर मातीत बसकण मारून बसला आणि मोठ्याने हसला, स्वतःलाच.

सगळं मैदान ओरडत होतं. अप्पांनी छत्रीचं टोक जमिनीत रोवलं.

"अगं," ते म्हणाले, "ह्यानं तर गोल खाल्ला."

"खाऊ दे, अप्पा," मी म्हणाले. "मला हाच पाहिजे."