भाईर हात लावला की बंद

माझी पोरगी बेंगळुरात बसून चौकटी बंद करते. खरंच, तिची नोकरीच ती. फोनवर तारीख-बिरीख निवडायची असली की मधोमध एक चौकट उघडते ना? तिच्या बाहेर कुठंही बोट लागलं की ती आपोआप मिटली पाहिजे. ते मिटवायचं काम आमच्या पोरीचं. ह्याच्यासाठी तिला इंजिनिअर केली. खजुरीतल्या माझ्या किराणा दुकानात साखर बांधता बांधता मी गिऱ्हाइकांना हे छाती फुगवून सांगायचो.

"माणसानं भाईर हात लावला म्हंजे त्याला ते नगं हाय, असं समजायचं अप्पा," तिनं मला समजावलं होतं. काय शहाणी पोर!

त्या शहाणपणाचा प्रसाद मला लवकरच मिळाला. बायकोच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चहात मीठ पडायचं, दुकानात आलेल्या परक्या बाईला ती जाऊबाई म्हणून घरात घ्यायची. कलबुर्गीच्या एका दवाखान्यात डोळ्यांचं शिबिर होतं, पण नाव फोनवरूनच घालायचं, आणि जागा भराभर भरत होत्या. ज्याला दिसत नाही त्यानं फोनमध्ये बघून नाव घालायचं. धन्य त्या डोकेबाजांची!

बसलो. तारखांची चौकट उघडली. आता आमच्याकडं चांगल्या कामाला हात घालायच्या आधी हाताखालच्या वस्तूच्या पाया पडतात. मी रोज सकाळी तराजूच्या पडतो, शेजारचा जीपवाला स्टिअरिंगच्या पडतो. आणि पाया पडायचं तर पायाशीच पडणार, डोळ्यात बोट घालणार काय? मी फोनच्या तळाला बोट टेकवलं, छातीला लावलं. बघतो तर चौकट गुल.

भक्ती कमी पडली असेल म्हणून पुढच्या खेपेला दोन्ही हात टेकवले. गुल! मग अगरबत्ती लावून बसलो. तरी गुल. वैतागून पोरीला फोन लावला.

"अप्पा, भाईर कामून हात लावायलाव?"

"पाया पडायलोय गं!"

"फोनच्या?"

"मग काय तुझ्या साहेबाच्या पडू?"

ती खो खो हसली. माझं डोकंच सणकलं. इकडं आईचे डोळे चाललेत आणि ही दात काढायलीय. "कुण्या दीडशहाण्यानं केलाय हा कारभार?" मी ओरडलो.

"म्याच केलाय, अप्पा. ते अ‍ॅप आमचंच हाय."

शेवटी बायकोनं चाचपडत माझं पाया पडायचं उजवं मनगट धरलं आणि मांडीवर दाबून ठेवलं. "देव मागून बघू, आदी तारीख धरा," म्हणाली. डाव्या हातानं धरली.

ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, दोन्ही डोळे नीट झाले. घरी आल्यावर बायकोचं पहिलं बोलणं, "पोरगी दावा." पोरगी दिवाळीलाही आली नव्हती. काम! जगभरच्या चौकटी उघड्या पडल्या असत्या ना. मी फोनमध्ये तिच्या नावाशेजारच्या गोल फोटोवर बोट ठेवलं, तसा फोटो चौकटीत मोठा होऊन उघडला. बायको बघतच राहिली.

"लई वाळली की ओ," म्हणाली. मग दृष्ट काढायला तिनं दोन्ही हात फोटोच्या बाजूंनी फिरवले. बोटं कडेला टेकली आणि फोटो मिटला.

"कुठं गेली ओ? आत्ता तर नीट दिसायली व्हती."

तिचा तो चेहरा मला बघवेना. मी तिथूनच पोरीला फोन लावला. "तुझ्या मायनं तुझी दृष्ट काढली. भाईर हात लागला, तू बंद. आता तिला तू नगं झालीस, असं समजायचं का?"

ह्या वेळी ती हसली नाही. "ठेवते अप्पा," एवढंच म्हणाली.

शनिवारी सकाळी पोरगी दारात हजर. पाठीवरची बॅग उतरायच्या आत बायकोनं तिच्या गालांवरून हात फिरवले, कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली, परत हात फिरवले. पोरगी डोळे पुसत तशीच उभी. मग बायको माझ्याकडं वळली.

"बघा," ती म्हणाली, "ही न्हाई बंद व्हत."