मामूंचा गुडघा

शारजापासून अबुधाबीपर्यंत आपल्या माणसांत मामूंच्या उजव्या गुडघ्याइतकी नावाजलेली गोष्ट दुसरी नाही. कुणाच्या मुलाला डॉक्टरकीला प्रवेश मिळाला, कुणी स्वतःचं गॅरेज काढलं, त्याचं कौतुक आठवडाभर चालतं. मामूंच्या गुडघ्याचं कौतुक सत्तावीस वर्षं चालू होतं. आधी गुडघा ओळखीचा होतो, मग मामू. आम्ही शारजात अल मजाजला या इमारतीत राहायला आलो, तेव्हा सामान चढवणाऱ्या माणसाने मला लिफ्टमध्येच सांगितलं होतं की सातव्या मजल्यावर कबड्डीवाले मामू राहतात, त्यांच्या पायापाशी खोका ठेवू नका.

ते माझे मामा नव्हेत, कुणाचेच नसावेत. रायगडच्या खाडीकाठचे, माझ्या नवऱ्याच्या गावापासून दोन वाड्या सोडून. नोकरी दुबईत अल क्वोजला, एसीच्या सुट्या भागांच्या गोदामात स्टोअरकीपर. माणसांनाही ते त्याच भाषेत ओळखतात. दणकट माणूस म्हणजे कंप्रेसर, नुसती बडबड करणारा म्हणजे पंखा, आणि आमच्या इमारतीचा सेक्रेटरी म्हणजे थर्मोस्टॅट, कारण तो कधी चालू होईल आणि कधी बंद पडेल याचा नेम नाही. खूश असले की समोरचा हबीबी होतो. रागावले की त्याच माणसाला बापाच्या नावासकट, आडनावासकट हाक मारतात. माझा नवरा तीन वर्षांत एकदाच पूर्ण नावाने हाक खाऊन आला आणि दोन दिवस गप्प होता.

गुडघा मात्र रोजचा. इथे वर्षाचे आठ-नऊ महिने हवा एकच, गरम, तरी मामूंचा गुडघा रोज सकाळी अंदाज देतो. आज दमट आहे. आज वारा समुद्राकडून आहे. आज दुबईच्या रस्त्याला जाम लागणार. हा शेवटचा अंदाज रोजच खरा ठरत असल्याने बाकीचेही खरे मानले जातात. एकदा एका डॉक्टरने ऑपरेशन सुचवलं. मामू घाबरले नाहीत, त्यांना काळजी वेगळीच पडली. "मग हवामान कुणाला विचारायचं?" त्यांनी डॉक्टरलाच विचारलं.

कार्यक्रमांची व्यवस्था माझ्याकडे असते. गणपती असो, ईदचं जेवण असो, कबड्डीचे सामने असोत, माझ्या यादीत पाणी आणि टिश्यू पेपरच्या वर 'मामू : खुर्ची एक, स्टूल एक, पंख्याची बाजू' अशी ओळ कायम. स्टूल पायासाठी. तो पाय स्टुलावर चढला की समजायचं, आता गोष्ट येणार.

ती गोष्ट ऐकली नाही असा माणूस आमच्या खाडीपट्ट्याच्या संघात नाही. गावचं मैदान, मे महिना, फायनल. शेवटची चढाई. मामू पलीकडे गेले, एकाने पाय धरला, गुडघ्यात सुपारी फुटल्यासारखा आवाज झाला, आणि तशा पायाने मामू अंगावरच्या गड्यांना ओढत मध्यरेषेपर्यंत आले. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर दोघं होते. पुढच्या वर्षी तीन झाले. मागच्या ईदला पाच होते, तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "मामू, दॅट्स नॉट पॉसिबल." मामू म्हणाले, "तुमच्या शाळेत नसेल." गोष्ट सुरू झाली की मामी उठून स्वयंपाकघरात जायच्या. मला वाटायचं, चहा टाकायला.

या गोष्टीतूनच संघाची रीत पडली. सामन्याआधी प्रत्येक खेळाडू मामूंच्या गुडघ्याला हात लावून मगच मॅटवर जायचा. आमची पोरं म्हणजे कुणी एसी टेक्निशियन, कुणी ड्रायव्हर, कुणी साइटवर. बहुतेक एकटे, आठ जण एका खोलीत राहणारे. सुट्टीच्या दिवशी शारजातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये मॅट अंथरून खेळायचे. पण तो हात लावताना कुणी हसत नसे. कप्तान रफिक, कंपनीच्या बसवरचा ड्रायव्हर, तर हात लावून डोळे मिटायचा.

गेल्या वर्षी आम्ही फायनलला पोचलो, घाटावरच्या संघासमोर. पोचलो ते परेशमुळे. तेवीस वर्षांचा मुलगा, अल क्वोजच्या कामगार कॅम्पमध्ये राहणारा, दिवसभर गच्च्यांवर एसी दुरुस्त करणारा. चढाईला गेला की नुसता धूर. मामू त्याला बिनआवाजाचा कंप्रेसर म्हणायचे, आणि याहून मोठी पदवी त्यांच्याकडे नाही.

फायनल रविवारी. मंगळवारी दुपारी मी ऑफिसमध्ये असताना परेशचा फोन आला. कुणीतरी त्याच्या चढायांचे व्हिडिओ देशात पाठवले होते, आणि तिथल्या व्यावसायिक लीगच्या एका संघाने त्याला शिबिराला बोलावलं होतं. फायनलनंतरच्या गुरुवारचं विमान. पोचल्यावर आधी मेडिकल. गुडघा, घोटा, खांदा सगळं तपासणार आणि मगच करार. मी अभिनंदन केलं. तो म्हणाला, "ताई, रविवारच्या यादीतून माझं नाव काढाल का? आणि मामूंना तुम्हीच सांगाल का?"

नाव काढणं सोपं होतं, सांगणं नव्हतं. मी सातव्या मजल्यावर जाऊन सांगितलं. मामूंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, की सगळ्यांना शुक्रवारी संध्याकाळी घरी बोलाव.

शुक्रवारी मामूंच्या हॉलमध्ये पंधरा माणसं आणि दाराबाहेर पंधरा चपलांचे जोड. परेश कोपऱ्यात, मान खाली. रफिकने सुरुवात केली. तो ओरडला नाही, ते जास्त लागलं. म्हणाला, इथे कुणाचं कुणी नाही, ही एक टीम आहे. वर्षभर डबल ड्यूटी करून पोरं फायनलपर्यंत आली आणि आता हा मागच्या मागे पळतोय. कुणीतरी म्हणालं, वीस मिनिटंच खेळ. कुणीतरी म्हणालं, मोठा झालास काय रे. मग रफिक मामूंकडे बोट करून म्हणाला, "हे फुटलेल्या गुडघ्याने फायनल खेळले. आणि ह्याचा गुडघा अजून पॅकिंगमधून काढलेला नाही."

सगळे हसले. परेशही हसला, आणि त्याच वेळी मला कळलं की तो खेळणार. त्याचा चेहरा लाल झाला होता. "ठीक आहे," तो म्हणाला. "मामू खेळले, तर मी काय मोठा लागून गेलो? खेळतो."

टाळ्या पडल्या. रफिकने त्याला मिठी मारली आणि मामूंना म्हणाला, "मामू, आता सांगा त्याला. सुरुवातीपासून."

मामूंनी पाय स्टुलावर घेतला. मामी उठल्या, पण या वेळी स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या राहिल्या.

"मे महिना होता," मामूंनी नेहमीसारखी सुरुवात केली. गर्दी सांगितली, पेट्रोमॅक्सच्या बत्त्या सांगितल्या, गुण सांगितले. पोरांनी मांड्या घातल्या. मग मामू म्हणाले, "मैदानाच्या कडेला फणस होता. मी फणसावर होतो."

कुणाला काही कळलं नाही. वाक्य चुकलं असेल, आता सुधारतील, म्हणून रफिक वाट बघत राहिला.

"खालून दिसत नव्हतं," मामू म्हणाले. "संघात मला कुणी घेत नसे. मला दम नव्हता. चढाई माझा चुलतभाऊ करत होता. त्याचा गुडघा फुटला, तसाच तो रेषेपर्यंत आला, आपण जिंकलो. मी टाळ्या वाजवायला दोन्ही हात सोडले."

दारातून मामी म्हणाल्या, "फणस आमच्या परसातला. दोन फांद्या मोडल्या."

कुणी हसलं नाही. भावाला आणि मला एकाच टेम्पोतून तालुक्याला नेलं, मामू सांगत होते. इथे आलो तेव्हा कॅम्पमध्ये कुणीतरी लंगडताना बघून विचारलं, कबड्डी का? नाही म्हणायला थोडा उशीर झाला. मग उशीर वाढतच गेला.

"आणि एक गोष्ट मी दरवेळी गाळली," ते परेशकडे बघून म्हणाले. "भावाला एका कंपनीच्या संघातून बोलावणं आलं होतं. पक्की नोकरी, क्वार्टर. पुढच्या आठवड्यात हजर व्हायचं होतं. गावाने सांगितलं, एवढी फायनल खेळून जा. सांगणाऱ्यांत मीही होतो."

मग रफिक उठला. त्याच्या आवाजात राग होता की रडू, मला सांगता येणार नाही. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही फणसावरून पडलेल्या पायाला हात लावत होतो?"

"हो," मामू म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "खलास. बाय गं, परेशचं नाव काढ."

यादी माझ्या पर्समध्ये होती. मी तिथेच नाव खोडलं आणि खालच्या राखीव खेळाडूचं नाव वर घेतलं. माणसं चहा न घेता गेली. परेश शेवटी गेला. वाकून मामूंना सलाम करायला लागला, तर मामूंनी त्याला दंडाला धरून उभं केलं आणि मेडिकलच्या आधी भरपूर पाणी पी म्हणून सांगितलं.

रविवारी आम्ही अकरा गुणांनी हरलो. मामू आले होते. खुर्ची, स्टूल, पंख्याची बाजू सगळं जागच्या जागी होतं. मॅटवर जाताना पोरं त्यांच्या समोरून गेली, दोघांनी मान हलवली, बाकीच्यांनी बुटांच्या नाड्या बघितल्या. नंतर दोन महिने संघातलं कुणी सातव्या मजल्यावर फिरकलं नाही. ग्रुपवर एकाने फणसाचं चित्र टाकलं. ते मी काढून टाकायला लावलं, पण मामूंनी पाहिलं होतं. लिफ्टमध्ये मला म्हणाले, "फणस कापा होता, बाय. चित्रातला बरका वाटतो." दुबईच्या रस्त्याला जाम लागणार, एवढं मात्र ते रोज सांगत राहिले. लंगडणंही तेवढंच होतं. पाय खरोखरच मोडला होता, हे लोक विसरले होते.

परेशचा करार झाला. लीग सुरू झाली तसे आम्ही घरचेच संध्याकाळी मामूंकडे टीव्हीपुढे बसू लागलो. परेश दिसायचा तो राखीव खेळाडूंच्या बाकावर, संघाचं जाकीट घालून. एक सामना, दोन सामने, सहा सामने. त्याला कुणी उतरवेना. आम्ही गुण बघायचो, मामू बाक बघायचे. कॅमेरा बाकावरून फिरला की सांगायचे, डावीकडून तिसरा, पाणी पितोय, पाय ठीक दिसतोय.

सातव्या सामन्याला दारावरची बेल वाजली. रफिक होता. हातात केळ्यांची पिशवी. येऊन सोफ्याच्या कडेला बसला. मामूंनी त्याला हबीबी म्हटलं नाही, पूर्ण नावही घेतलं नाही. फक्त सरकून जागा केली. त्यानंतर तो दर सामन्याला यायला लागला, मधूनमधून आणखी एकदोघांना घेऊन.

परेश उतरला तो शेवटच्या सामन्यात, शेवटची तीन मिनिटं उरलेली असताना. संघ आधीच हरलेला होता. एक चढाई मिळाली. पलीकडे गेला, निदानरेषा ओलांडली, कोपऱ्यापर्यंत जाऊन वळला, कुणाला हात लागला नाही, कुणी त्याला धरलं नाही, आणि वेळ संपता संपता परत आला. रिकामी चढाई. समालोचकाने नावही चुकीचं घेतलं.

रफिक पडद्याकडे बघत राहिला. "एवढ्यासाठी आपण फायनल सोडली," तो म्हणाला.

"गेला आणि परत आला," मामू म्हणाले. "धावत गेला, धावत परत आला. तू बघितलंस ना?"

मामींनी चहा आणला, या वेळी सगळ्यांनी घेतला. कप अर्धा झाल्यावर रफिकने विचारलं, "मामू, तुमच्या भावाचं नाव काय?"

इतक्या वर्षांत, आणि त्या शुक्रवारनंतरही, हे कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मामूंनी नाव सांगितलं. मग बापाचं नाव सांगितलं, घर मशिदीच्या मागे, तिसरं, तेही सांगितलं. रफिकने ते नाव एकदा स्वतःशी म्हणून बघितलं.

"आहेत अजून?"

"आहे," मामू म्हणाले. "संध्याकाळी जेट्टीवर बसतो. मी सुट्टीवर गेलो की बाजारातून फिरून जातो. लांब पडतं, पण जेट्टी लागत नाही."

या ईदला मामू गावी चालले आहेत. तिकीट मीच काढून दिलंय, विमानात पाय पसरता येईल अशी सीट, सामानाची यादी, औषधं, सगळं पाहिलंय. गावात घरी कोणत्या रस्त्याने जाणार, तेवढं मी विचारलेलं नाही.