नऊ-नऊ आणि समोर सात

मार्चच्या सुरुवातीला नवरा सासूबाईंना घेऊन पुण्याला गेला. त्यांच्या बहिणीचं ऑपरेशन होतं आणि एकटीनं विमानप्रवास करायची त्यांची तयारी नव्हती. तीन आठवड्यांत दोघंही परतणार होते. सासऱ्यांचा, म्हणजे बाबांचा, गुडघा दुखत होता, म्हणून ते इथे परदेशात, झूटरमेरच्या आमच्या घरीच थांबले. मग साथ पसरली, विमानं बंद झाली आणि त्या अरुंद, तीन मजली घरात मी आणि बाबा असे दोघंच उरलो.

आमचं तोवर फारसं बोलणं नव्हतं. बाबा वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. दुसऱ्यानं सांगितलेला आकडा पडताळल्याशिवाय मानायचा नाही, ही सवय त्यांनी घरातही सोडली नव्हती. इथल्या पावाचं पाकीटसुद्धा त्यांनी एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिलं होतं.

एका दुपारी त्यांना ड्रॉवरमध्ये पत्त्यांचा जोड आणि एक प्लॅस्टिकचं कार्ड सापडलं. नवऱ्याच्या ऑफिसच्या पार्टीत कधीतरी ब्लॅकजॅकचं टेबल मांडलं होतं, तिथलं ते कार्ड. पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पण एकवीसच्या वर जाऊ द्यायची नाही. वाटणाऱ्याचं एकच पान उघडं असतं, त्यावरून आपण ठरवायचं. एवढा खेळ मला माहीत होता. कार्डावर रंगीत चौकटी होत्या: पान कधी घ्यायचं, कधी थांबायचं आणि एकसारखी दोन पानं आली तर ती जोडी फोडून दोन वेगळे डाव कधी करायचे.

बाबांचा त्या शेवटच्या भागावर विश्वास बसेना. मी जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला ऑफिसच्या मीटिंगा करायचे आणि दुसऱ्या टोकाला ते पैशांच्या जागी राजम्याचे दाणे लावून स्वतःशीच डाव वाटायचे, वहीत नोंदवायचे. संध्याकाळी मला सांगायचे. दोन दहा आले तर फोडायचे नाहीत, वीस हातात असताना हाव कशाला. दोन पाचही नाहीत. एक्के मात्र फोडायचेच. त्यांचा सगळा वाद होता तो आठाच्या जोडीशी. समोर दहा असला तरी ती फोडा, असं कार्ड सांगत होतं.

आठवडाभरानं ते म्हणाले, "कार्ड बरोबर आहे. सोळा ही सगळ्यात वाईट बेरीज. फोडलं तरी बहुतेक हरतोच आपण, पण कमी हरतो."

मग माझा घसा दुखायला लागला. दोन दिवस कणकण होती, तिसऱ्या दिवशी मी बरी झाले. सुपरमार्केटात जाणारी मी एकटीच होते. चौथ्या दिवशी चहा गाळताना मला वरच्या जिन्यावरून बाबांचा खोकला ऐकू आला आणि गाळणी हातातच राहिली.

इथली आमची ठरलेली डॉक्टर फोनवर शांतपणे बोलली. घरात असलेल्यांच्या टेस्ट तेव्हा करत नव्हते. पॅरासिटामॉल द्या, वेगळ्या खोलीत ठेवा आणि एक गोष्ट बघत राहा, ती म्हणाली, त्यांना एका श्वासात पूर्ण वाक्य बोलता येतंय का. नाही आलं तर लगेच फोन करा.

बाबा माळ्यावरच्या खोलीत राहायला गेले. मी ताट दाराशी ठेवून जिन्याच्या चार पायऱ्या खाली बसायचे. कसं वाटतंय विचारलं की ते म्हणायचे, "ठीक." एका शब्दावरून श्वास कसा कळणार? म्हणून मी जोड्यांबद्दल विचारायला लागले. दोन चार आले तर? दोन सहा आले तर? दाराआडून ते सविस्तर समजावायचे. नियमाकडे माझं लक्षच नसायचं. ते कुठे थांबतात, कुठे श्वास घेतात, तेवढंच मी ऐकायचे. काल एका दमात सांगितलेलं आज दोन तुकड्यांत आलं की मी आणखी एक जोडी विचारायचे. त्यांना हे कळत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही.

सहाव्या दिवशी दुपारी मी नऊच्या जोडीचं विचारलं.

"नऊ-नऊ म्हणजे अठरा," ते म्हणाले. "समोर सात असेल, तर त्याचे बहुधा सतराच..."

पुढे काही आलं नाही. तिथे आपले अठरा पुरतात, जोडी फोडायची नाही, थांबायचं, हे मला माहीत होतं. तरी मी वाट पाहत राहिले. मग आतून नुसता श्वासाचा आवाज आला, आखूड आखूड.

मी डॉक्टरला फोन केला. ती म्हणाली, मी संध्याकाळपर्यंत येते. पण त्याआधी तुम्ही त्यांना एक गोष्ट विचारून ठेवा. हॉस्पिटलात न्यावं लागलं आणि गरज पडली, तर त्यांना श्वासाच्या मशीनवर ठेवलेलं चालेल का? या वयात त्यातून सगळेच बाहेर येत नाहीत, आलेच तर पूर्वीसारखे राहत नाहीत. इथे हा प्रश्न माणसाला आधीच विचारतात.

मी वर गेले. दाराला टेकून मी तो प्रश्न मराठीत सांगितला. सांगताना 'बाहेर येत नाहीत' हे शब्द मी गाळले, मग पुन्हा मागे जाऊन तेही सांगितले. पडताळल्याशिवाय न मानणाऱ्या माणसाला अर्धा आकडा कसा देणार?

मग ते म्हणाले, "नको म्हणावं."

रडण्याचा आवाज दाबायचा प्रयत्न केला, पण तो गेला असावा आत.

"तू एकटी आहेस ना खाली?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा."

पुन्हा तो आखूड श्वास. "मग लावा म्हणावं मशीन."

डॉक्टर आली ती डोक्यापासून पायापर्यंत प्लॅस्टिकमध्ये. तिनं बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावून पाहिलं. आकडा काठावर आहे, म्हणाली, सकाळपर्यंत थांबू. सकाळी तो तेवढाच होता, दुसऱ्या दिवशी थोडा वर. नवव्या दिवशी ताप उतरला आणि बाबांनी दाराआडून मऊ भात मागितला. हॉस्पिटल लागलंच नाही. जूनमध्ये खास विमानानं ते पुण्याला गेले.

पुढे नवरा परतला, तेव्हा मी त्याला त्या दुपारचं सगळं सांगितलं. तो खिडकीशी उभा राहून ऐकत होता.

"मला फोन का नाही केलास?" त्यानं विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

वेळ नव्हता, असं मी म्हणाले. वेळ होता. डॉक्टर यायला तीन तास होते आणि फोन माझ्या हातातच होता. पण तो मशीनला 'नको' म्हणाला असता, तर बाबांनी 'लावा' म्हटल्यानंतर मला पुन्हा जिना चढून त्यांना ते सांगावं लागलं असतं, याची मला भीती वाटली होती.