पाचवी प्रदक्षिणा

गोरेगावच्या नानीबाईचा संतराम हैदराबादेत विमान चालवायला शिकत होता, आणि म्हातारी अख्ख्या गावाला ते ऐकवत सुटली होती. पोरगं एकट्यानं उडालं की मारुतीला पाच प्रदक्षिणा घालील, असा नवस ती बोलून बसली होती.

१९४१च्या जानेवारीत संतराम एकटाच हिंगोलीच्या माळावर उतरायला निघाला. शिकवणाऱ्या उत्तमसिंगांनी बजावलं होतं, "सीधे हिंगोली जाना. तेल उतनाच है, बराबर." पण हिंगोली दिसली आणि स्वारीला गाव आठवलं. प्रदक्षिणा पायी घालायच्या असतात हे त्याला काय ठाऊक नव्हतं? पण पायी फिरणाऱ्याकडे मान वर करून कोण बघतो! नवस आईचा, मिरवणं ह्याचं.

तो देवळावर घिरट्या घालू लागला. घरघर ऐकून खाली आई आरतीचं ताट घेऊन उभी, पारावर गाव लोटलेलं. चौथ्या फेऱ्याला तेलाच्या टाकीवरच्या काचेतली खूण तळाला टेकलेली त्याने पाहिली. पाहिली, आणि तरी पाचवा फेरा घातला. प्रदक्षिणा अर्धवट सोडू नये, अशी स्वतःची समजूत घातली.

हिंगोलीकडे परतताना पुसेगावच्या शिवारात इंजिन बंद पडलं. विमान हुरड्यात आलेल्या ज्वारीत घुसलं आणि पाखरं राखायच्या माळ्याला धडकून कलंडलं. संतरामला खरचटलंसुद्धा नाही. माळ्यावर गोफण घेऊन बसलेल्या सटवाजीचा पाय मात्र चेचला. हिंगोलीच्या दवाखान्यात तो कापावा लागला.

वाऱ्याने विमान भरकटलं, असं संतरामने सगळ्यांना सांगितलं. पण त्या थापेची त्यालाच शरम वाटू लागली, तसा तो सटवाजीच्या खाटेपाशी गेला. सटवाजीनेच आधी हात जोडले.

"तुमाला लागलं त न्हाई ना, सायब? माहा माळाच मधी आला. वाऱ्यापुढं तुमी तरी काय करनार?"

संतरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "वारा नव्हता, सटवाजीमामा. गावावर फिरू फिरू म्याच तेल संपवलं. लोकायनं पाहावं म्हनून."

सटवाजीने जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाला, "पाह्यलं का मंग समद्यायनं?"

संतराम पुन्हा विमानात बसला नाही. सटवाजीचं रान त्याने कसायला घेतलं. अठ्ठेचाळीस साली शिवारावरून निजामावर चालून आलेल्या फौजेची विमानं गेली, तेव्हा अख्खं पुसेगाव माना वर करून बघत होतं. संतराम खाली मान घालून खुरपत राहिला.